विषादाचे निदान : गग्ग भिक्खूच्या कथेपासून आजच्या विहारापर्यंत

नागपूरच्या आग्नेयेस नागभीडकडे जाणाऱ्या मार्गावर उमरेड हे तालुक्याचे गाव वसलेले आहे. जुन्या मध्यप्रांताच्या नोंदींत रेशीमकाठी वस्त्रांच्या विणकामासाठी या गावाचा उल्लेख येतो. पुढे कोळशाच्या खाणीने त्यास दुसरी ओळख प्राप्त करून दिली. हातमाग मागे पडला, खाण आली. नागपूर ते नागभीड ही अरुंद रुळांची जुनी गाडी 2019 साली बंद झाली. अशा स्थित्यंतरांचा हिशेब आपण उत्पादनात, मजुरीत आणि लोकसंख्येत मांडतो. परंतु त्यांतून गेलेल्या माणसाच्या मनावर काय उमटले, याची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात सहसा सापडत नाही.

या परिसरातील एखादा मनुष्य आतून खचला, तर तो 'मला विषादाचा विकार झाला आहे' असे सांगत नाही. 'करमत नाही', 'कशात मन लागत नाही', 'जीव घाबरा होतो', 'हातपाय गळून गेले', 'डोके जड राहते', एवढेच तो म्हणतो. घरातील माणसे त्यास आळशी ठरवितात, शेजारी 'बाहेरची बाधा' म्हणतात, आणि विहारातील एखादा सुशिक्षित उपासकही 'जीवन दुःखमयच आहे' असे बोलून मोकळा होतो. या तिन्ही निर्णयांत एक समान दोष आहे. तिन्ही ठिकाणी निदान न करताच निकाल दिलेला असतो. बौद्ध परंपरेने मनाच्या आजारास कसे ओळखले, त्याची कारणे कोठे शोधली आणि आजारी माणसाशी कसे वर्तन केले, याचा इतिहास या दृष्टीने तपासून पाहणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखाचा तोच हेतू आहे.

लक्षणे

आधुनिक मनोवैद्यक ज्यास 'डिप्रेशन' म्हणते, त्यास मराठीत नैराश्य, औदासीन्य, विषाद अशी नावे आहेत. यांपैकी कोणताही शब्द वापरला, तरी साधी उदासी आणि हा विकार यांतील भेद ध्यानी ठेवावा लागतो. मन सतत खिन्न राहणे आणि पूर्वी ज्यात आनंद वाटे त्यातील गोडी नाहीशी होणे, ही दोन प्रमुख लक्षणे होत. त्यांच्या जोडीला झोप उडते किंवा अतिशय वाढते. भूक व वजन यांत फरक पडतो. थोड्या कामानेही थकवा येतो. हालचाल व बोलणे मंदावते किंवा अस्वस्थता वाढते. लक्ष एकाग्र होत नाही व लहानसा निर्णयही घेता येत नाही. आपण निरुपयोगी आहोत, अपराधी आहोत असे वाटू लागते. आणि मरणाचे विचार मनात येतात. अशा नऊ लक्षणांपैकी निदान पाच, त्यांत पहिल्या दोहोंपैकी एक तरी, सलग दोन आठवडे बहुतेक दिवसभर टिकून राहिली व त्यामुळे नित्याचे जीवन विस्कळीत झाले, म्हणजे तज्ज्ञ हे निदान विचारात घेतात. आपल्याकडे अनेक रुग्ण मनाची तक्रार न सांगता अंगदुखी, डोकेदुखी, छातीतील धडधड अशा शरीराच्याच तक्रारी सांगतात. त्यामुळे तपासण्या होत राहतात आणि मूळ आजार तसाच राहतो.

शोक आणि विकार यांत मात्र अंतर आहे. प्रियजनांच्या वियोगाने रडणारा मनुष्य आजारी नव्हे. 19 जुलै 1926 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा लाडका पुत्र राजरत्न निधन पावला. त्यापूर्वीही त्यांनी अपत्यवियोग सोसला होता. एकंदर चार अपत्ये त्यांनी गमाविली. त्यानंतर मित्र दत्तोबा पवार यांना लिहिलेल्या पत्रात जगण्यातील चवच हरपल्याची वेदना बाबासाहेबांनी मोकळेपणाने व्यक्त केली आहे. इतक्या धीराच्या महापुरुषाने आपले दुःख मित्रापासून लपविले नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्या शोकाला रोगाचे नाव देण्याचा आपल्याला अधिकार नाही. परंतु 'खंबीर माणसाने मनातले बोलू नये' ही समजूत त्या पत्रासमोर टिकत नाही. शोक हळूहळू ओसरतो आणि मनुष्य पुन्हा कार्यास लागतो. तो ओसरण्याऐवजी घट्ट होत गेला आणि माणसाच्या स्वतःविषयीच्या भावनेलाच पोखरू लागला, म्हणजे साहाय्याची गरज निर्माण झाली असे समजावे.

पालि वाङ्मयातील नोंद

पालि ग्रंथांत दुःखाचा उल्लेख एकाच शब्दाने होत नाही. सोक, परिदेव, दुक्ख, दोमनस्स, उपायास असे निरनिराळे शब्द योजून त्यांच्या स्वतंत्र व्याख्या दिलेल्या आहेत. दुक्ख म्हणजे शरीराची पीडा, दोमनस्स म्हणजे मनाची पीडा, तर उपायास म्हणजे संकटाने ग्रासलेल्या माणसाचे पुरते खचून जाणे. वेदनेचे असे वर्गीकरण करणारी परंपरा मनाच्या आजाराला 'नुसता विचार' म्हणून झटकून टाकीत नव्हती, हे उघड आहे.

अंगुत्तर निकायाच्या चतुक्क निपातात भगवंतांनी रोगांचे दोन प्रकार सांगितले आहेत : कायिक व चेतसिक. शरीराने वर्षभर, दहा वर्षे, किंबहुना शंभर वर्षे निरोगी राहिलेली माणसे जगात आढळतील. परंतु ज्यांचे आस्रव क्षीण झाले आहेत त्यांना वगळल्यास, मनाने क्षणभरही निरोगी असल्याचे सांगू शकणारी माणसे दुर्मिळ होत, असा त्या उपदेशाचा आशय आहे. मनाचा आजार ही कोणा दुर्बल व्यक्तीची लाजिरवाणी गोष्ट नसून मनुष्यमात्रास होऊ शकणारी बाब आहे, हा बोध येथे स्पष्ट होतो.

थेरीगाथेतील सीहा थेरीचे आत्मकथन तर विशेष मननीय आहे. सात वर्षे ती अस्वस्थ मनाने भटकली; कृश झाली, निस्तेज झाली; दिवसा किंवा रात्री तिला चैन पडले नाही; आणि अखेर जीवन संपविण्याच्या टोकापर्यंत ती पोहोचली. त्या क्षणी तिचे चित्त विमुक्त झाले असे ती सांगते. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या व्यक्तीवर आजचे निदान लादणे शास्त्रीय होणार नाही. तरीही वजन घटणे, कांती जाणे, सुख न लाभणे आणि मरणाचा विचार, ही लक्षणे एका स्त्रीने स्वतःच्या तोंडाने सांगितली आणि संघाने ती पवित्र वाङ्मय म्हणून जतन केली, याचे ऐतिहासिक महत्त्व मोठे आहे. त्या कबुलीमुळे तिचे थेरीपद उणावले नाही.

कारणमीमांसा

'पूर्वजन्मीचे भोग' हे उत्तर आपल्या समाजात अजून पुरते मावळलेले नाही. संयुत्त निकायात मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने हाच प्रश्न भगवंतांना विचारला होता. मनुष्य जे जे सुख किंवा दुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळेच होते, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात. त्याविषयी आपले मत काय? भगवंतांनी वेदनांची आठ कारणे सांगितली : पित्त, कफ, वात, या तिहींचा संनिपात, ऋतूतील बदल, विषम आचरण, बाहेरून झालेला आघात आणि आठवे कर्मविपाक. सर्वच वेदना पूर्वकर्मामुळे होतात असे मानणारे लोक स्वतःच्या अनुभवाच्या व जगात मान्य असलेल्या सत्याच्या पलीकडे धावतात, असा निर्णय त्यांनी दिला. पूर्वजन्मीच्या कर्माने आजच्या दारिद्र्याचे व अस्पृश्यतेचे समर्थन करण्यास बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात जो विरोध केला, त्याची आठवण येथे झाल्याखेरीज राहत नाही.

या आठांपैकी पहिली सहा कारणे शरीर, ऋतू व राहणी यांच्याशी, तर सातवे परिस्थितीशी निगडित आहे. आजचे शास्त्र वेगळ्या भाषेत बोलत असले, तरी कारणे अनेक असतात या एका मुद्द्यावर ते याच दिशेने जाते. कुटुंबात हा विकार पूर्वी झालेला असणे, थायरॉइडचा दोष, बाळंतपणानंतरचा काळ, दीर्घकाळचे दुखणे, काही औषधांचे परिणाम, दारूचे व्यसन ही शरीराकडील कारणे होत. विदर्भात विशेषतः बौद्ध व आदिवासी समाजांत सिकलसेलचा आजार आढळतो. वारंवार उद्भवणाऱ्या वेदना, रुग्णालयाच्या फेऱ्या, शिक्षणातील व विवाहातील अडचणी यांमुळे अशा रुग्णाच्या मनाकडे लक्ष देणे हे रक्ताकडे लक्ष देण्याइतकेच आवश्यक ठरते.

बाहेरील आघातांची यादीही लहान नाही. विदर्भातील महार समाजाचे अनेक लोक एकेकाळी जाडेभरडे कापड विणीत. 1877 साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीच्या सुतापुढे व कापडापुढे घरचा माग हळूहळू हटला, आणि अनेकांनी गिरणीतच मजुरी पत्करली. पुढे 2002 साली ती गिरणीही बंद पडली. काम जाते तेव्हा केवळ वेतन जात नाही. सकाळी उठण्याचे कारण, सोबती आणि घरातील प्रतिष्ठा हीही त्यासोबत जातात. कर्ज, नापिकी, विस्थापन, घरातील मारहाण यांचेही तसेच. जातीवरून होणारा अपमान हा तर एकदाच होऊन थांबणारा आघात नव्हे. वसतिगृहात, कार्यालयात, भाड्याचे घर शोधताना तो पुनःपुन्हा वाट्यास येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार स्त्रियांत या विकाराचे प्रमाण पुरुषांच्या सुमारे दीडपट आहे. त्यामागे केवळ शरीरधर्म नसून स्त्रीवरील भारही आहे. म्हणून एखाद्या रुग्णाला 'तू विचार बदल' एवढेच सांगणे हा न्याय नव्हे. ज्या परिस्थितीने त्यास खचविले ती बदलणे हाही उपचाराचाच भाग आहे.

गग्ग भिक्खूचा न्याय

विनयपिटकाच्या महावग्गात उपोसथाच्या प्रकरणात गग्ग नावाच्या भिक्खूची हकिकत येते. त्याचे मन भ्रमिष्ट झाले होते. कधी त्यास उपोसथाचे स्मरण राही, कधी राहत नसे. कधी तो येई, कधी येत नसे. उपोसथास सर्व संघ उपस्थित असावा हा तर नियम. मग त्याच्या अनुपस्थितीने संघकर्म सदोष ठरावे काय? भगवंतांनी त्यास दोषी ठरविले नाही, तसेच संघाबाहेरही काढले नाही. संघाने रीतसर ठराव करून गग्गाला 'उम्मत्तकसम्मुती' द्यावी, आणि तो आला अथवा न आला तरी संघकर्म वैध मानावे, अशी व्यवस्था त्यांनी घालून दिली.

चुल्लवग्गात हीच कथा पुढे जाते. गग्ग बरा झाला, तेव्हा आजारपणातील वर्तनावरून काही भिक्खू त्यास टोचू लागले. त्यावर 'अमूळ्हविनय' हा निर्णयप्रकार सांगण्यात आला. मन ताळ्यावर नसताना घडलेल्या कृत्याबद्दल बरे झालेल्या माणसास दोष देता येत नाही, हे त्याचे सार होय. शिक्षापदांच्या स्पष्टीकरणातही उन्मत्त, विक्षिप्तचित्त व वेदनेने व्याकूळ झालेल्या भिक्खूस आपत्तीतून वगळलेले आहे.

गग्गाचा आजार आणि आज आपण ज्याची चर्चा करीत आहोत तो विषाद एकच होते असे नव्हे. परंतु त्यामागील न्याय दोहोंस लागू पडतो. आजाऱ्यास सवलत, त्याचे सभासदत्व अबाधित, आणि बरे झाल्यावर मागील गोष्टीचा डाग नाही, ही ती तीन तत्त्वे. महिनोन्महिने वंदनेस न आलेल्या उपासकाला आपण 'धम्मात ढिला पडला' म्हणतो, तेव्हा या तिन्ही तत्त्वांचा आपणास विसर पडलेला असतो.

वैशालीचा धडा

ध्यान हे सर्व मनोविकारांवरील एकमेव औषध आहे, असेही काही सज्जन उत्साहाने सांगतात. त्यांनी तिसऱ्या पाराजिकेची पार्श्वभूमी अवश्य वाचावी. वैशाली येथे महावनातील कूटागारशाळेत भगवंतांनी अशुभभावनेची प्रशंसा केली आणि ते पंधरवडाभर एकांतात राहिले. त्या अवधीत अनेक भिक्खूंना ती भावना करता करता स्वतःच्या देहाची शिसारी उत्पन्न झाली व त्यांनी प्राण गमाविले. एकांतातून परतल्यावर संघ विरळ झालेला पाहून भगवंतांनी आनंदास कारण विचारले. आनंदाने सर्व वृत्तान्त निवेदन करून दुसरा मार्ग सांगण्याची विनंती केली, तेव्हा आनापानसतीचा उपदेश झाला. मनुष्यहत्या करणे, तिला साहाय्य करणे किंवा मरणाची स्तुती करून कोणास त्याकडे प्रवृत्त करणे, हे संघातून कायमचे च्युत करणारे अपराध ठरविण्यात आले.

या प्रसंगातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, एकाच मनास उपकारक असलेली साधना दुसऱ्या मनास अपायकारक ठरू शकते. दोन, अपाय दिसताच शास्त्याने परंपरेचा हट्ट न धरता मार्ग बदलला. आजही विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरांत प्रवेश देताना मानसिक आजाराविषयी चौकशी केली जाते, ती याच सावधगिरीमुळे. स्मृतिसाधनेवर आधारलेली उपचारपद्धती पाश्चात्त्य मानसशास्त्रज्ञांनी 1990 नंतर विकसित केली. पुनःपुन्हा उद्भवणारा विषाद टाळण्यासाठी तिचा उपयोग होतो असे दिसून आले. परंतु तीही प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली आणि वैद्यकीय सल्ल्याच्या जोडीने घ्यावयाची असते.

पागलखान्यापासून रुग्णालयापर्यंत

इंग्रजी अमलात 1858 चा कायदा झाला आणि 1864 साली नागपुरात मनोरुग्णांसाठी आश्रयस्थान उभे राहिले. आजचे प्रादेशिक मनोरुग्णालय ते हेच. उमरेड शहराच्या आग्नेयेस, तर हे रुग्णालय शहराच्या उत्तरेस मानकापूरकडे असल्याने उमरेडच्या रुग्णास अवघे नागपूर ओलांडून तेथे जावे लागते. त्याहून मोठे अंतर मात्र नावाचे आहे. तेथील चौकास लोकांच्या तोंडी 'पागलखाना चौक' हेच नाव रूढ आहे. 'त्या चौकात उतरलो तर कोणी पाहील' या भीतीने कित्येक पावले घरातच थांबत असतील.

1912 च्या कायद्याची भाषाही 'वेड्यां'ना आवरण्याची होती. 1987 चा मानसिक आरोग्य कायदा 1993 साली अमलात आला. त्यानंतर 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 2018 पासून लागू झाला. त्याने उपचार हा नागरिकाचा हक्क मानला, रुग्णास साखळदंडाने बांधण्यास मनाई केली, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी शुश्रूषा देण्याचे दायित्व शासनावर टाकले. अमूळ्हविनयाची आठवण यावी असाच हा बदल आहे.

औषधांच्या इतिहासात महाराष्ट्राचाही एक धागा आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली रक्तदाबावर सर्पगंधेच्या उपयोगाविषयी ब्रिटिश नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला आणि या वनस्पतीकडे जगाचे लक्ष वेधले. पुढे तिच्यातून काढलेले रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांत खिन्नता दिसल्याचे वैद्यांनी नोंदविले. याउलट क्षयरोगावरील एका औषधाने रुग्ण उल्हसित झालेले आढळले. अशा निरीक्षणांतून मेंदूतील रसायनांचा व मनःस्थितीचा संबंध शोधला जाऊ लागला. 1957 साली स्वित्झर्लंडमधील रोलंड कून यांनी इमिप्रामिनचा गुण प्रसिद्ध केला. 'एका रसायनाची उणीव म्हणजे विषाद' हा सोपा हिशेब आज तज्ज्ञ मान्य करीत नाहीत. तथापि मध्यम व तीव्र आजारात ही औषधे अनेकांना गुण देतात. गुण दिसण्यास काही आठवडे लागतात, आणि वैद्याला न विचारता ती एकाएकी थांबविणे हितावह नसते. चीवर, पिंडपात, शयनासन आणि औषध हे भिक्खूचे चार प्रत्यय होत. ज्या परंपरेने औषधास अन्नवस्त्राच्या पंक्तीस बसविले, तिच्या अनुयायाने गोळी घेण्याची लाज का बाळगावी?

विहाराचे कर्तव्य

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात सुमारे वीस प्रौढांमागे एकास आयुष्यात केव्हा तरी हा विकार होतो, आणि बहुसंख्य रुग्ण उपचाराविना राहतात. परंतु हे चित्र पालटता येते. विदर्भातच अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम राबविण्यात आला. गावातीलच कार्यकर्त्यांना लक्षणे ओळखण्याचे व धीर देण्याचे शिक्षण दिले गेले, आणि गरज असलेल्यांना डॉक्टरांशी जोडले गेले. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार उपचार घेणाऱ्या रुग्णांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांतही सामान्य शिक्षणाच्या समुपदेशकांनी दिलेल्या साध्या संवादोपचाराने तीव्र विषादाच्या रुग्णांना लाभ झाल्याचे त्याच वर्षी सिद्ध झाले.

हे कार्य विहारास अपरिचित नाही. अतिसाराने स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या भिक्खूस भगवंतांनी आनंदासह स्वहस्ते स्नान घातले, आणि ज्यास माझी सेवा करावयाची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी, या आशयाचा उपदेश केला. त्याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत : औषध सिद्ध करता येणे, पथ्य-अपथ्य जाणणे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करणे, घाणीचा किळस न बाळगणे, आणि वेळोवेळी धम्मवचनाने धीर देणे. यांत धम्मवचन पाचवे आहे, पहिले नव्हे. आधी औषध, पथ्य, मैत्री आणि स्पर्श, मग उपदेश.

उमरेडसारख्या गावी वर्षावासात ग्रंथवाचनासाठी जमणाऱ्या उपासक-उपासिकांनी एवढे केले तरी पुष्कळ होईल. येणे थांबलेल्या माणसाच्या घरी जावे. 'काय झाले' असे दरडावून न विचारता शेजारी बसावे व ऐकावे. झोप, भूक, कामातील गोडी यांविषयी चौकशी करावी. मरणाचे विचार येतात काय, हेही सरळ विचारावे. विचारल्याने ते वाढत नाहीत, उलट मनावरील ओझे हलके होते. तसे विचार असतील तर त्या व्यक्तीस एकटे सोडू नये. सरकारी रुग्णालयात सोबत जावे, पहिल्या भेटीस आणि दुसऱ्या भेटीसही. 2022 पासून 'टेलिमानस' या शासकीय सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. तो विहाराच्या फलकावर लिहून ठेवावा. अंगारा, उतारा आणि मारझोड यांपासून रुग्णास दूर ठेवावे. भूत उतरविण्याच्या नावाखाली छळ करणे हा 2013 च्या महाराष्ट्राच्या कायद्याने अपराध आहे. दारूने दुःख बुडत नाही, अधिक खोल होते, याचीही जाणीव द्यावी. धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांत मद्यपाननिषेध आला, त्याचे मोल येथेही प्रत्ययास येते.

दुःख आहे, दुःखाला कारण आहे, ते दूर होऊ शकते आणि त्याचा मार्ग आहे, या चार विधानांची रचना वैद्याच्या विचारपद्धतीशी मिळतीजुळती आहे. पहिल्या विधानावरच थांबणारा मनुष्य निराशावादी होतो, आणि तसे थांबणे म्हणजे धम्म नव्हे. गग्गाची जागा संघाने राखून ठेवली होती. आपल्या विहारात आज कोणाची जागा रिकामी आहे, हे येत्या पौर्णिमेस प्रत्येकाने पाहावे आणि वंदना आटोपताच त्या घराकडे वळावे.